जोडीचा फोटो

पाच वाजून दहा मिनिटांनी नवल फॅक्टरीच्या गेटबाहेर आला, तेव्हा समोर बँड उभा होता. लाल कोटातली नऊ माणसं, त्यांच्यापुढे बँडचा मालक तोताराम आणि मागे केळीचे खांब बांधलेली उघडी जीप. वरणगावात फॅक्टरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला असंच वाजतगाजत घरी पोचवायचं, दारात बायकोनं ओवाळायचं आणि मग सगळ्यांनी वरण-बट्टीवर ताव मारायचा, अशी रीतच पडून गेली होती. नवलनं स्वतः तीस-चाळीस जणांना असं पोचवलं होतं. अडचण एवढीच होती, की आज आपण निवृत्त होतोय हे त्यानं बायकोला सांगितलेलंच नव्हतं.

नवल एक्कावन्न वर्षांचा, म्हणजे नोकरीची नऊ वर्षं अजून शिल्लक होती. सत्तावीस वर्षं फिटर म्हणून त्यानं इमानेइतबारे काम केलं, पण जीव रमला तो दुसरीकडेच. त्याच्या वडिलांचा, अभिमन आबांचा डावा पाय शिरपूरकडे शेतात मळणीयंत्रात गेला होता. त्या जागी बसवलेल्या पायाचा गुडघा कुरकुर करायचा, म्हणून नवलनं तो घरीच खोलून नीट केला. जळगावला कृत्रिम पाय बनवणारं एका ट्रस्टचं केंद्र आहे, तिथल्या डॉक्टरांनी तो गुडघा पाहिला आणि नवलला रविवारी मदतीला बोलावलं. पुढे ते म्हणाले, कायमचेच या, पगार मात्र निम्म्याहून कमी मिळेल.

नवल वर्षभर विचारच करत राहिला. मग एका रविवारी रावेरकडची आठ वर्षांची एक मुलगी त्यानं बसवलेल्या पायावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, वळून परत आली आणि म्हणाली, "काका, पळता येईल का?" त्या रात्री नवलला जेवण गेलं नाही. सोमवारी त्यानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

अर्ज द्यायला फारसा धीर लागला नाही. सगळा धीर ज्योतीला सांगायला लागणार होता आणि तोच नेमका कमी पडला. पहिला महिना कुरडया-पापडांचा होता. दिवसभर गच्चीवर तापून आलेल्या बाईला असली बातमी द्यायची नसते. दुसऱ्या महिन्यात तिच्या भाचीचं लग्न निघालं. तिसऱ्या महिन्यात त्यानं 'सोमवारी सांगू' असं पक्कं ठरवलं, पण त्या महिन्यातले चारही सोमवार आले तसे निघून गेले.

कागदपत्रांत एकदाच अडलं होतं, तेही अर्ज दिल्याच्याच आठवड्यात. पेन्शनसाठी नवरा-बायकोचा जोडीचा फोटो लागतो. नवलनं शक्कल लढवली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आपला एक फोटो असावा, असं सांगून तो ज्योतीला भुसावळला घेऊन गेला. ती फक्त "बरं" म्हणाली. फोटोवाल्यानं दोघांना पांढऱ्या पडद्यासमोर ताठ बसवलं, कान दिसू द्या म्हणाला आणि सहा प्रती काढल्या. नवलनं तिला उसाचा रस पाजला आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होऊन घरी आला.

आणि आता हा बँड. मित्र कुंदनला त्यानं बजावून ठेवलं होतं, की हार नको, मिरवणूक नको, मी गुपचूप घरी जाणार. कुंदन आईची शपथ घेऊन सांगत होता की त्यानं काहीच केलेलं नाही. तोतारामनं वही उघडून दाखवली. आजची तारीख, पाच वाजता, मेन गेट, नवलभाऊ.

"विसार कोणी दिला?" नवलनं विचारलं.

"ते सांगू नका म्हणून सांगितलंय," तोताराम म्हणाला आणि त्यानं बँडवाल्यांना खूण केली.

हार घालून जीपमध्ये चढवल्याबरोबर नवलनं ज्योतीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग त्यानं वेळ काढायला सुरुवात केली. बाजारातून घ्या, म्हणाला. लांबच्या रस्त्यानं गेल्यामुळे मिरवणुकीत आणखी पन्नास माणसं वाढली, एवढाच त्याचा फायदा झाला. मग त्यानं मारुतीच्या देवळापाशी जीप थांबवली आणि वीस मिनिटं डोळे मिटून उभा राहिला. त्याची भक्ती पाहून पुजाऱ्यानं दुसरा नारळ फोडला, पण युक्ती काही सुचली नाही. शेवटी तो म्हणाला, माझ्या घरी रंगकाम चाललंय, आधी कुंदनकडे चला.

कुंदनच्या दारात त्याची आई, तानुबाई, शेंगा सोलत बसली होती. बँड आपल्याच दाराशी थांबला आणि पुढे आपलाच मुलगा दिसला, तेव्हा तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"बारा वर्सं राह्यली व्हती ना रे तुही," ती म्हणाली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. तिला कोणी समजवायच्या आत शेजाऱ्यांनी कुंदनच्या गळ्यात हार घातला, दोघांनी त्याचं अभिनंदन केलं आणि एकानं पेन्शन किती बसली ते विचारलं. कुंदनची बायको दारात येऊन कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहत राहिली, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

कुंदननं नवलला जीपच्या मागे ओढलं. "आता खरं काय ते सांग."

नवलनं सांगून टाकलं. कुंदननं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग जोडीचा फोटो कसा काढलास?" नवलनं भुसावळची हकिगत सांगितली. कुंदन पोट धरून हसत सुटला. का हसतो ते काही केल्या सांगेना. त्यानं गळ्यातला हार आईच्या हातात दिला, बायकोला दोन शब्दांत समजावलं आणि तोतारामला म्हणाला, "सरळ नवलच्या घरी."

नवल जीपमधून ज्योतीला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला बट्टी तळल्याचा वास आला. दारात रांगोळी होती. आबा नवं धोतर नेसून ओट्यावर बसले होते आणि ज्योती लग्नातलीच हिरवी साडी नेसून तबक घेऊन उभी होती. तबकात निरांजन होतं, सुपारी होती आणि त्यांच्या शेजारी हळदकुंकू लावलेली नवलची पेच आवळायची लहान ॲलन की होती.

"ज्योती, मला तुला एक सांगायचंय," नवल म्हणाला.

"सांगा ना. तीन महिने झाले, वाटच पाहू राह्यली."

"तुला कळलं कसं?"

"आता बाप्पा. वरणगावात कोणता नवरा बायकोले कान दाखवाले भुसावळले नेतो? त्या फोटोचं इथल्या समद्या बायांना माहीत असतं."

ओट्यावरून आबा म्हणाले, "बठ्ठासले माहीत शे, नवल. तुलेच माहीत नई."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिले आठ दिवस लय राग व्हता," ज्योती म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "मंग एक दिवस तुमाले न सांगता जळगावले गेली. पाहू त खरं, म्हटलं, कशापायी नोकरी सोडू राह्यले. तुमी सांगितली व्हती ती रावेरची पोरगी आली व्हती तिथं. पळू राह्यली व्हती." तिनं निरांजनाची वात सारखी केली. "मंग म्हटलं, हे तोंडानं काही सांगत नाहीत, त बँड लावू."

नवलला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं. ज्योतीनं त्याला ओवाळलं. तेवढ्यात बँडनं चाल बदलली आणि आबांना राहवलं नाही. ते ओट्यावरून उतरून नाचायला लागले. चार ठेके झाले आणि ते मध्येच थबकले.

"पेच ढिला व्हयना रे," ते डगमगणारा गुडघा धरून म्हणाले.

नवल गळ्यातल्या हारासकट रस्त्यावर बसला आणि त्यानं आबांचा पाय मांडीवर घेतला. त्यानं हात पुढे केला, तसा ज्योतीनं तबकातून ॲलन की उचलून दिली. तोतारामनं विचारलं, बँड थांबवू का. नवल मान वर न करता म्हणाला, "वाजवा."

पेच घट्ट बसला. आबांनी पाय दोनदा आपटून पाहिला.

"आते पयता येई का?" त्यांनी विचारलं.

"येईल," नवल म्हणाला. "आधी जेवून घ्या."