दोन नारळ आणि एकवीस किलोमीटर

रुचितानं मॅरेथॉन पळायचं ठरवलं, यात तिची काही चूक नव्हती. चूक झाली ती पुढं. तिनं ते घरात सांगितलं. (आणि सांगितलं तेही सासूबाईंना, रस्त्याच्या नकाशासकट.)

पळायचं ठरलं ते खरं तर बालवाडीच्या दारात. सदफ टीचरनी पोरांना विचारलं होतं, तुमचे आईबाबा काय करतात? रुचिताची लेक दिविजा, वय वर्षं साडेचार, उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "पप्पा कागलला मोठ्ठं मशीन चालवतात. आई ओरडती."

वर्ग हसला, टीचर हसल्या, दारात डबा घेऊन उभी असलेली रुचिताही हसली, आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून बराच वेळ धुमसत बसली. मायक्रोबायॉलॉजीतली एम.एस्सी., तीही डिस्टिंक्शनमध्ये. पोरगी पोटात असताना सोडलेली लॅबमधली नोकरी. आणि जगाला सांगायची ओळख काय, तर ओरडती! बरं, खोटं आहे म्हणावं तर तेही जमेना. त्याच सकाळी ती मोज्यांवरून ओरडली होती.

आठवडाभरात रंकाळ्यावर तिला हाफ मॅरेथॉनचा बोर्ड दिसला. एकवीस किलोमीटर, आणि तीन तासांच्या आत पोचणाऱ्या प्रत्येकाला मेडल. मेडल! गळ्यात अडकवून बालवाडीच्या दारात उभं राहता येईल असं काहीतरी. तिनं फुटपाथवर उभ्या उभ्या मोबाईलवरून नाव नोंदवलं.

आणि मग अख्खं कोल्हापूर तिला सल्ला द्यायला लागलं.

नवरा जिनेंद्र आजवर कंपनीच्या बसमागंसुद्धा कधी पळाला नव्हता. (बस त्याच्यासाठी थांबायची.) पण मोबाईलवर चार व्हिडिओ बघून तो कोच झाला. ती पोळ्या लाटत असायची आणि हा मागून सांगायचा, "टाच आधी टेकवू नको. खांदे सैल सोड. श्वास पोटातनं घे."

"पोळी जळतीय, ती तेवढी उलट," रुचिता म्हणायची. त्यावर कोचसाहेबांना अचानक फोन यायचा.

सासरे आण्णा जुने तालमीतले. त्यांचं म्हणणं, रोज बैठका माराव्यात आणि वर म्हशीचं धारोष्ण दूध प्यावं.

"आण्णा, मला पळायचंय. कुस्ती न्हाय खेळायची."

"व्हय, पर पळताना कोण आडवा आला म्हंजे?"

त्यातल्या त्यात शहाणा माणूस म्हणजे रंकाळ्यावरच्या ग्रुपचे हंबीरराव सर, पीटीचे निवृत्त मास्तर. त्यांचं सगळं पटण्यासारखं असायचं. सुरुवात हळू करा. तहान लागायच्या आधी पाणी प्या. बोलत बोलत पळता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग कमी करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेसच्या दिवशी नवीन काही म्हणजे काही करायचं नाही. नवे बूट नाहीत, नवे मोजे नाहीत, नवं खाणं नाही.

"खायला उकडलेला बटाटा घ्या," सर म्हणाले. "रताळं घ्या. चमचाभर मध."

"सर, आम्ही जैन. आमच्यात जमिनीखालचं चालत नाही. आणि मधही नाही."

सरांनी तलावाकडं बघत बराच विचार केला. "मग केळी खा."

तीन महिने रुचितानं केळी खाल्ली. घराला वखारीचा वास यायला लागला. 'आदल्या रात्री भरपूर जेवा' हा सरांचा सल्ला तर तिनं घरी सांगितलाच नाही, कारण त्यांच्या घरात रात्र ही जेवायची वेळच नव्हती. सूर्य मावळायच्या आत ताटं घासून पालथी पडलेली असायची.

एवढं सगळं नीट चाललं होतं. पण आदल्या आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, सहज विचारलं, "कुठनं कुठं पळणार गं तुम्ही?" आणि रुचितानं कौतुकानं त्यांना मोबाईलवर रस्ता दाखवला. पोलीस ग्राउंडवरून निघायचं, विद्यापीठाला वळसा, राजारामपुरी, रंकाळा, शुक्रवार पेठ आणि परत ग्राउंड.

आक्कांनी चष्मा लावला. नकाशावरून बोट फिरवत नेलं. बोट थांबलं, पुढं गेलं, पुन्हा थांबलं.

"अगं बया! ह्यो तर सगळा आपल्या पावण्यांच्या दारावरनंच जातोय की!"

रुचिता हसली. (ह्याला म्हणतात शिकलेली बाई. हसली!) आपल्याकडं एखाद्याच्या दारावरून जाऊन आत न जाणं म्हणजे काय असतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण पळणारा माणूस त्या कायद्यातून सुटत असेल, असं तिनं उगीचच धरलं होतं. लग्न झाल्यापासून आधी बाळंतपण, मग पोरीची आजारपणं, अशा एकेका कारणानं तिचं पावण्यांकडं जाणं राहून गेलं होतं. ती सगळी थकबाकी आक्कांनी त्या दुपारी फोनवरून वसुलीला लावली.

रविवारी पहाटे बंदूक वाजली आणि रुचिता निघाली. पहिले काही किलोमीटर कसे गेले ते तिलाही कळलं नाही. गार हवा, रिकामा रस्ता, आणि कानावर एकदाही 'आई' हा शब्द नाही! साडेचार वर्षांत एवढा वेळ सलग कुणी तिच्याकडं काही मागितलं नाही, असं कधी झालंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. विद्यापीठाचा वळसा संपला, पाय हलके होते, घड्याळ तिच्या बाजूला होतं.

"रुचिता! एऽ रुचिता! इकडं बघ की!"

रस्त्याच्या मधोमध, नऊवारीत, हातात ताट घेऊन जिनेंद्रची आत्या उभी होती. तिला चुकवायला डावीकडं व्हावं तर आत्याही डावीकडं.

"आत्या, रेस चाललीय!"

"मग रेस कुठं पळून जातीय? सवाष्ण बाई दारावरनं रिकामी जाती व्हय? पदर कर पुढं."

"पदर कुठाय? टी-शर्ट हाय हा!"

"त्योच धर."

आणि भर रस्त्यात, छातीवरच्या नंबराच्या कागदावर, रुचिताची ओटी भरली गेली. तांदूळ, खण आणि एक चांगला तगडा नारळ. शेजारून दोन-तीनशे माणसं पळत पुढं गेली. एकानं पळता पळता नमस्कारही केला.

"आत्या, नारळ इथंच ठेवते, संध्याकाळी हे येऊन नेतील."

"ओटीचा नारळ खाली ठेवायचा नसतोय बाळ. दुसऱ्याच्या हातात पण द्यायचा न्हाय. घरी न्यायचा आन् देवापुढं ठेवायचा. लेकुरवाळी हाईस तू."

रुचिताचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तिनं सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजलेले होते. पण 'लेकुरवाळी' म्हटल्यावर तिला दिविजाचा परवाचा खोकला आठवला. समजा नारळ खाली ठेवला, आणि समजा आज रात्री खोकला वाढला, तर? तिनं तांदूळ पँटच्या खिशात कोंबले, खण मनगटाला गुंडाळला आणि नारळ काखेत मारून पळायला लागली. स्वतःच्या एम.एस्सी.ची तिला मनापासून लाज वाटली.

कानातल्या हेडफोनवर जिनेंद्रचा फोन आला. तो फिनिशपाशी खुर्चीत बसून मोबाईलवर तिचा ठिपका बघत होता.

"तू थांबलीस का? क्रॅम्प आला काय?"

"न्हाय. आत्या आली."

"बरं बरं. खांदे सैल सोड."

"काखेत नारळ हाय!" ती ओरडली. दोन कुत्री दचकून उठली.

राजारामपुरीत जिनेंद्रची आज्जी-मावशी, सीताबाई, फुटपाथवर खुर्ची टाकून बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, पहाटेपासून बसलेली. तिला चुकवून जायला माणसाचं काळीज दगडाचं पाहिजे. रुचिता वाकून पाया पडली आणि तिथंच अडकली. गुडघे सरळ होईनात. दोन नातसुनांनी काखेत हात घालून तिला उभं केलं आणि हातात बदामाच्या दुधाचा पेला दिला.

"मावशी, आज नवीन काही प्यायचं नसतं. सरांनी सांगितलंय."

"दूध काय नवीन हाय व्हय? जल्मल्यापास्नं पितीस की."

रुचिता दूध प्यायली. मग दुसरी ओटी. दुसरा नारळ.

आता दोन्ही काखांत दोन नारळ, खिशातून तांदळाची बारीक धार, आणि पोटात प्रत्येक पावलाला डचमळणारं बदामाचं दूध, अशी ती रंकाळ्याला लागली. पोटात कळ, डोक्यात आग. तीन महिने! तीन महिने पहाटे उठून, पोरगी जागी व्हायच्या आत पळून, केळी खाऊन माणसानं तयारी करायची, आणि ह्यांनी रस्त्यात हळदीकुंकू मांडायचं! पुरुषांच्या ओट्या कोण भरत नाही. जिनेंद्र पळाला असता तर हेच लोक टाळ्या वाजवत बाजूला उभे राहिले असते. मॅरेथॉनच्या पुस्तकांत उन्हाचं लिहितात, चढाचं लिहितात. आत्यांचं कुणी लिहीत नाही!

मागून घरघर ऐकू आली. सगळ्यात शेवटी राहिलेल्यांना गोळा करणारी व्हॅन तिला गाठत होती. तिच्या मागं रस्ता मोकळा करणारी पोलिसांची जीप. व्हॅनवर कर्णा होता.

"ओ नारळवाल्या ताई! दमला असशीला तर बसा आत. जागा हाय!"

"न्हाय बसत!"

"मग नारळ तरी ठेवा गाडीत!"

"न्हाय ठेवत! ओटीचे हाईत!"

कर्णा समजुतीच्या सुरात म्हणाला, "हां, मग बरोबर हाय. चालू द्या."

तिनं घड्याळ बघितलं. आता चालणं परवडणार नव्हतं आणि थांबणं तर नाहीच. तिनं मनाशी पक्कं ठरवलं, यापुढं कुणाच्याही दारात उभं राहायचं नाही. तिसऱ्या घरच्या चुलत सासूबाई ताट घेऊन पुढं आल्या, त्यांना तिनं चक्क वळसा घातला. "काकू, पुढल्या वर्षी!" चौथ्या घराकडं बघितलंही नाही. अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, व्हॅन थोडी मागं पडली. शुक्रवार पेठ आली. आणि समोर बोळाच्या तोंडाशी गर्दी, रांगोळी, निरांजनाचं ताट.

आक्का. स्वतःचं दार.

शेजारपाजार झाडून गोळा केलेला. "थांब गं, थांब!" म्हणत आक्का ताट घेऊन पुढं आल्या. आण्णांच्या खांद्यावर दिविजा. "आईऽऽ!" ती किंचाळली. त्या सकाळचा हा पहिला 'आई'. रुचिताचे पाय जवळजवळ थांबले. मागून कर्णा खाकरला. तिच्या डोळ्यांपुढं ते मेडल आलं, तो वर्ग आला, ते हसू आलं. 'तुझ्यासाठीच गं बाई,' असं मनात म्हणत ती सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाजूला व्हाऽऽ!" निरांजन विझवत ती सुसाट पुढं गेली. तिच्या मागं व्हॅन. व्हॅनमागं पोलिसांची जीप.

ती पोचली. वेळेच्या आत, अगदी थोडक्यात, पण पोचली. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, कारण हात रिकामे नव्हते. जिनेंद्र धावत आला. (आयुष्यात पहिल्यांदा.) "शाब्बास! पण मधले दोन किलोमीटर लई स्लो आलेत बघ." रुचितानं त्याच्याकडं असं बघितलं, की तो पाणी आणायला निघून गेला.

घरी नारळ देवापुढं ठेवले तेव्हा आक्का एकच वाक्य म्हणाल्या, "लोकांच्या दारात थांबलीस. माझ्याच न्हाय." संध्याकाळी मात्र त्याच नारळांच्या वड्या थापल्या आणि सगळ्या गल्लीला वाटल्या.

सोमवारी रुचिता लंगडत बालवाडीत गेली. मेडल गळ्यात घालायला ऐनवेळी लाज वाटली, म्हणून पर्समध्ये, खिशातून काढून ठेवलेल्या ओटीच्या तांदळांतच, ठेवलं. टीचरनी विचारलं की हळूच काढायचं, असं ठरवून ती दारात उभी राहिली. सदफ टीचर कौतुकानं म्हणाल्या, "दिविजा, काल तुझ्या आईनं काय केलं, सांग बघू सगळ्यांना!"

दिविजा उभी राहिली. ऊर अभिमानानं भरून आलेला. तिनं जे डोळ्यांनी बघितलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं.

"आईनं लोकांचे दोन नारळ घेतले आन् पळाली. मागं पोलीस लागले, तरी दिले न्हाईत. आज्जीनं थांब म्हटलं, तरी थांबली न्हाय. मग आम्ही ते खाल्ले."

सगळी पोरं वळून रुचिताकडं बघायला लागली, आणि त्या नजरांत प्रथमच काहीतरी आदरासारखं होतं. रुचिता पर्समध्ये मेडल चाचपडत होती. हाताला नुसते तांदूळ लागत होते.

सदफ टीचर मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, "असू दे हो मॅडम. नुसतं ओरडण्यापेक्षा बरं."

"ओरडती पण की," दिविजा म्हणाली आणि खाली बसली.