मंदाच्या हातावरची रिकामी जागा

आमच्या तालुक्यात माणसाच्या अंगावरचा आजार गेला की ती जागा त्वचा-वाटप कचेरीकडे जमा होते, आणि कचेरी ती प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या आजाराला देते.

माझी बायको मंदा ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, करून विकते. बावीस उन्हाळे तिने गच्चीवर ओल्या फडक्यांवर बिबडे थापले. यंदा माघात तिच्या हातांवर गजकर्ण उठलं आणि गिऱ्हाइकं बिबडे सोडून तिचे हातच बघायला लागली. शेजारच्या नेहत्यांचं गजकर्ण गोळ्यांनी गेलं होतं. मी औषधाच्या दुकानात जाऊन नेहत्यांना दिल्या त्याच गोळ्या मागितल्या. आधी डॉक्टरला विचारावं एवढी अक्कल मला नव्हती. दुकानदाराने नेहमीसारखं कात्रीने पाकीट कापून दिलं. खोकं आणि त्यातला घडी घातलेला कागद दुकानातच राहिला. तो कागद आमच्या गावात आजवर कुणी मागितलेला नाही.

पाच आठवड्यांत गजकर्ण गेलं. मंदाने ज्वारी भिजत घातली, आणि त्याच दिवशी नवा आजार वाटपपत्र घेऊन हजर झाला. हातांवर आणि गळ्याखाली लाल चट्टे, कडेने कोंडा सुटलेला. वागायला सभ्य होता, खाजायचाही फारसा नाही. पत्रात त्याची एकच अट होती: जागेवर ऊन पडता कामा नये.

आम्ही कचेरीत गेलो. फालकसाहेबांनी फाईल काढली. गोळ्यांनी रिकामी झालेली जागा अशा आजाराला क्वचितच जाते, पण जाते, असं ते म्हणाले. शिवाय तशी पूर्वसूचना आम्हाला रीतसर दिलेली होती.

“कुठे दिली?” मंदाने विचारलं.

“खोक्यात.”

“खोकं तर दुकानात राहतं, साहेब.”

“ते आमच्या अखत्यारीत येत नाही.”

मंदा म्हणाली, “माझं गजकर्ण परत द्या. त्याच्यासोबत मला उन्हात बसता येत होतं.”

साहेबांनी नोंदवही पाहिली. गजकर्णाला घरातल्याच माणसाकडे जागा मिळाली होती. त्यांनी मला हात पुढे करायला सांगितलं. मनगटावर दोन गोल होते. मी ते डास चावल्याचे समजत होतो.

मंदाच्या अजून चालू असलेल्या गोळ्या थांबवल्या. आता डॉक्टरकडेही जातो. गोळ्या थांबल्या की हा आजार बहुधा जागा सोडतो, असं ते सांगतात. कधी, ते तोच कळवतो. चैत्र संपला, त्याने काही कळवलेलं नाही. चूक माझी आणि ऊन तिचं गेलं, याची मला लाज वाटते.

आता बिबडे मी थापतो. मंदा जिन्याच्या दाराआड सावलीत बसून सांगते, मधे पातळ करा, कडा फाटू देऊ नका. गिऱ्हाइकं येतात, माझे हात बघतात आणि परत जातात. काल मी दुकानात जाऊन तो कागद मागितला. दुकानदार म्हणाला, खोकी रद्दीत गेली.

आज दुपारी मंदा म्हणाली, “अहो, ऊन पायाशी आलंय. दार ओढा.”

मी दार ओढलं. थोड्या वेळाने तिने आतून विचारलं, “वाळले का?”

“वाळले,” मी म्हणालो आणि कालच्या ढिगावर आजचे रचले.