वांग्याचं काम

धनसिंगचे पत्र दिवाळीच्या आधी आले होते आणि पौष लागला तरी अभिमन आबांनी त्याला उत्तर पाठवले नव्हते. धनसिंग हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, जळगावला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करणारा. पत्र साधेच होते. 'लढाई संपल्यापासून इथे नवेनवे खेळ येतात. परवा मुंबईची एक मंडळी बॅले नावाचा खेळ करून गेली. तिकीट काढून अगदी पुढे बसलो. शेवटपर्यंत कुणी एक अक्षर बोलले नाही. जे काय ते पायांतच चालले होते. सरतेशेवटी एक बाई मेली, ती कशाने ते कळले नाही. शेजारचा गृहस्थ रडत होता, त्याला विचारले, तर त्यालाही ठाऊक नव्हते. तू एवढा वाचतोस, तर बॅले म्हणजे काय ते मला समजेल असे लिही.'

'मला समजेल असे' या शब्दांपाशी आबा अडले होते. शिंदखेड्याच्या शाळेत जन्मभर मास्तरकी करून ते निवृत्त झाले आणि आता गावचे वाचनालय सांभाळत होते. बॅले त्यांनी कधी पाहिला नव्हता. मात्र बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने मागे टाकलेल्या पुस्तकांत बॅलेवरचे एक इंग्रजी पुस्तक निघाले. कोणत्या अंकात बाग, कोणत्या अंकात तळे, राजपुत्र कोण, चेटकी कोण, असे कार्यक्रमच्या कार्यक्रम त्यात दिले होते. चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की आबा कुणाच्या तरी पाठीमागे सरकत. जगात असाही एक खेळ आहे की ज्यात कुणालाच बोलावे लागत नाही, हे वाचून त्यांना फार बरे वाटले. पण उत्तर लिहायला बसले की ते पुस्तकी होई, आणि आपल्याला तरी काय कळते, असे वाटून आबा कागद फाडून टाकीत.

अखेर त्यांनी ठरवले की धनसिंगला गावातलेच उदाहरण द्यायचे. दुपारी प्रमिलाबाई सुपात डाळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्यावर त्यांनी ते आधी करून पाहिले.

"समज, भरिताचा बॅले आहे," आबा म्हणाले. "पहिल्या अंकात वांगं वाडीत ऐटीत डुलतंय. दुसऱ्यात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ते भाजतं. तिसऱ्यात लाकडाच्या बडगीत कुटलं जातं, आणि मिरची, तेल वगैरे मंडळी त्याच्याभोवती नाचतात."

"अगंबाई. आणि वांगं कोण?"

आबांनी दाराकडे पाहून घेतले. "आपले शेजारचे दलिचंद शेठ."

प्रमिलाबाईंच्या हातातले सूप कलले.

"ते पागोटं कसं अगदी देठासारखं बसतं," आबा हळूच पुढे म्हणाले. "मिरची म्हणजे भाजीवाली भिकुबाई. कुटायला वना पैलवान. आणि तेलाचं काम कचेरीतल्या झुलाल कारकुनाला. कशातही घाला, तो वरच तरंगतो."

प्रमिलाबाई इतक्या हसल्या की निवडलेले खडे पुन्हा डाळीत गेले. आबांनाही आयुष्यात पहिल्यांदाच आपण बरे बोलतो की काय, अशी शंका आली.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई दलिचंद शेठच्या घरी पापड लाटायला गेल्या. पौषात गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पापडाला जातात, आणि बाराजणी पोळपाट घेऊन बसल्यावर नुसते पापड लाटले जात नाहीत. संध्याकाळी त्या घरी आल्या त्या थेट चुलीपुढे जाऊन बसल्या.

"काय झालं?" आबांनी विचारले.

"काही नाही. मी शेठजींचं नाव नाही हो घेतलं."

आबांच्या हातातले पुस्तक मिटले गेले. "मग काय घेतलंस?"

"एवढंच म्हटलं, की वांगं जाड आहे, त्याच्या कोटाला घड्याळाची साखळी आहे आणि ते शिंकण्याआधी 'अरिहंत' म्हणतं."

"आणि प्रेमकुंवरबाई काय म्हणाल्या?" प्रेमकुंवरबाई म्हणजे शेठजींच्या पत्नी.

"त्या आधी पुष्कळ हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, 'बाई, पण आमच्यात वांगं चालत नाही.'"

दलिचंद शेठ जैन. वांग्यात बिया फार, म्हणून त्या घरात वांगे येत नसे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते. आबा तीस वर्षे त्यांच्या शेजारी राहत होते. पण त्यांनी फक्त आकार पाहिला होता. त्यातून वाचनालय होते शेठजींच्या दुकानालगतच्या खोलीत, त्यांनी कृपेने दिलेल्या. यंदा सरकीची पोती ठेवायला जागा नाही, असे शेठजी दोनदा सहज म्हणाले होते. ती खोली गेली तर पुस्तके कुणाच्या तरी गोठ्यात जातील, आणि दुपारचे जेवण झाल्यावर आपण कुठे जायचे, हे आबांना सुचेना.

सकाळी भिकुबाई टोपली घेऊन दारात उभी. आबा आत सरकणार, तोच तिने गाठले.

"आबा, तुम्हीन माले मिरची करं म्हने."

"भिकुबाई, ते आपलं गमतीने..."

"माले वाईट नही वाटनं. मिरची ते मी शेच. पन मिरची तिसरा अंकमा येस. मंग दोन अंक मी काय बांधवर बशी ऱ्हासू?"

तिच्या मागोमाग वना पैलवान आला. मान खाली घालून म्हणाला, "आबा, शेठजीसले मी कुटू? मन्हा हात नही उठाव. तालीमले तेल त्यासनाच घरनं येस."

तेवढ्यात कचेरीच्या वाटेवर झुलाल कारकून थांबला. तो शुद्ध बोलत असे आणि रागावला की जास्तच शुद्ध बोले. "आबासाहेब, मला तेल म्हणण्यामागचा आपला हेतू मला कळू शकेल का?"

इतक्यात शेठजींचा गडी निरोप घेऊन आला. वनाच्या वावरात दरसाल भरिताचा बेत होई. शेठजी त्याला कधी जात नसत. यंदा ते येणार होते. 'आबाजींना म्हणावं, खोलीचं तिथेच बोलू.'

रविवारी आबा वावरात पोहोचले तेव्हा पऱ्हाट्यांचा जाळ पेटला होता आणि हिरवी वांगी त्यात तडतडत होती. शेठजी दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, सतरंजीवर बसले होते. शेजारी घरून आणलेला बाट्यांचा डबा आणि प्रेमकुंवरबाई, हनुवटीपर्यंत घुंगट ओढून. सगळी मंडळी जाळ सोडून सतरंजीभोवती जमली.

"आबाजी," शेठजी म्हणाले, "सात पिढ्यांत आमच्या चौकटीच्या आत वांगं आलं नाही. आणि तुम्ही मला सबंध वांगं केलं."

"शेठजी, चूक झाली. मी... मी फक्त आकार पाहिला."

घुंगट हलू लागला. शेठजींनी तिकडे एकदा पाहिले आणि पागोटे सारखे केले.

"आता दुसरं काही तरी द्या."

"काय?"

"काम. गावभर झालं आहे की दलिचंद त्या खेळात आहे. आता मी त्यात नाही, असं कळलं तर लोक म्हणतील, काढून टाकला."

झुलाल मदतीला धावला. "लसूण करता येईल."

"जमिनीखालचं. चालत नाही."

"कांदानी पात?" वनाने विचारले.

"तीही नाही. मला तेल द्या."

"तेल माझं आहे," झुलाल एकदम म्हणाला. परवा हाच मनुष्य त्या तेलावरून आबांना जाब विचारत होता. "सरकारी माणसाचं काम असं काढून घेता येत नाही."

"तेलनं ऱ्हाऊ द्या," भिकुबाई मध्ये पडली. "मन्हं पयला अंकनं काय ते सांगा."

मग सगळेच एकदम बोलू लागले. वना म्हणत होता की शेठजी वांगे नसतील तर तो मोकळ्या मनाने कुटेल. झुलाल नियम सांगत होता. आबा मध्ये उभे होते आणि त्यांना आपल्या पुस्तकाची फार आठवण येत होती.

"बॅलेत बोलत नाहीत," ते पुटपुटले.

ते फक्त भिकुबाईने ऐकले आणि आठवडे बाजारातल्या आवाजात सर्वांना कळवले. "आयका रे, आबा म्हनतस, आठे बोलानं नही."

आणि खरोखरच वावरात शांतता पसरली. शिंदखेड्यात त्या चौघांना एकाच वेळी गप्प कुणी पाहिले नव्हते. पण भांडण संपले नव्हते, ते नुसते हातापायांत उतरले. झुलालने दोन्ही हात पसरून तरंगत एक फेरी मारली आणि तेल आपणच, हे दाखवून दिले. भिकुबाई कंबरेवर हात ठेवून त्याच्याभोवती अशी ठसक्यात फिरली की तो दोनदा शिंकला. शेठजी मात्र सतरंजीवर बिनकामाचे बसून होते, आणि त्यांचा चेहरा पाहून आबांना राहवेना. ते जवळ जाऊन हळूच म्हणाले, "शेठजी, मीठ."

"मीठ? ते तर दिसतही नाही."

"नसलं म्हणजे सगळ्यांना कळतं."

शेठजींनी यावर विचार केला. हळूहळू त्यांची मान ताठ झाली.

"और ज़्यादा हो गया तो?" घुंगटातून आवाज आला.

शेठजींनी ते ऐकले नाही. ते उठले, कोट सावरला, आणि चिमटीने काही तरी टाकत मोठ्या रुबाबात मंडळींमध्ये शिरले. ते जातील तिथे लोक बाजूला होत, भिकुबाईसुद्धा.

राहिला वना. भरीत कुटायचा लाकडी रगडा हातात वर धरून तो उभा होता आणि कुटायला कुणीच नव्हते. त्याने झुलालकडे पाहिले, भिकुबाईकडे पाहिले. मग सगळ्यांनीच आबांकडे पाहिले. आबांनी प्रमिलाबाईंकडे पाहिले, तर त्या हाताने खूण करत होत्या, की पडा आडवे.

आबा आडवे पडले. जमीन उन्हाने छान तापली होती. कुणी तरी अंगावर चार पऱ्हाट्या ठेवल्या. आबांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या ध्यानात आले, की जन्मभर ज्याची भीती वाटली तो प्रकार हाच. गावाच्या मधोमध आपण आहोत आणि सगळे आपल्याकडे बघत आहेत. पण वांग्याला बोलायचे नसते, कुणाकडे बघायचे नसते, आणि उत्तरही द्यायचे नसते. त्यांच्याभोवती पावले घुमू लागली. रगडा कानाजवळ जमिनीवर अगदी हळू, वडीलधाऱ्या माणसाचे पाय चेपावेत तसा पडत होता. काठावरचे लोक हसत होते, आणि त्या हसण्यात आबांना टोचेल असे काही नव्हते.

बऱ्याच वेळाने डोक्याच्या बाजूने शेठजींचा धापा टाकत आलेला आवाज ऐकू आला. "आबाजी, खोली राहू द्या तशीच. सरकी मी ओसरीत ठेवीन. पण पुढच्या पौषात मीठ पहिल्या अंकापासून हवं."

आबा हो म्हणणार होते, पण वांगे बोलत नाही, म्हणून तसेच पडून राहिले.

सोमवारी सकाळी त्यांनी कार्ड घेतले आणि न थांबता लिहिले. 'प्रिय धनसिंग, उत्तराला उशीर झाला. बॅलेबद्दल तू विचारले होतेस. काल आमच्याकडे वनाच्या वावरात एक झाला, आणि त्यात मुख्य काम माझे होते. फार चांगला झाला म्हणतात. त्यात काय झाले ते मात्र मला विचारू नकोस, कारण सबंध वेळ माझे डोळे मिटलेले होते.'

कार्ड फाडावेसे त्यांना एकदाही वाटले नाही. स्टेशनाच्या वाटेवरच्या पेटीत त्यांनी ते टाकले, आणि आत पडल्याचा आवाज ऐकू आल्यावर ते वाचनालय उघडायला गेले.