बहुधा करवंद

तो मंगळवार होता की बुधवार, हे त्र्यंबकराव वाळिंब्यांना आता नीट आठवत नाही. पत्नीच्या जिभेवरचा रंग तिसऱ्या दिवशीही उतरला नाही आणि फळरंग कार्यालयातून दिघे आले, एवढं नक्की. रंग करवंदाचा असला तर माणसाला सोडून देत. जांभळाचा असला, तर माणूस झाडाकडे जमा होई. पांगारवाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दिघ्यांनी चहा घेतला, शरयूताईंची जीभ पाहिली आणि अर्ज पुढे सरकवला. "फळ कुठलं, ते घरच्यानं लिहायचं. चुकीचं निघालं तर लिहिणाराही जमा. पण सर, तुम्हाला कसली भीती? तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंत."

भीती त्याचीच होती. दोन्ही फळांना रंग देणारं द्रव्य अँथोसायनिनच, फक्त प्रकार वेगळे. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाहीत, आणि जिभेवरचा रंग तपासायला काढणं गुन्हा होता. शरयूताईंनी फळं खाल्ली त्या दुपारी ताटलीत तर दोन्ही होती.

"अहो, करवंदंच खाल्ली मी. लिहा ना सरळ."

"मी पेपर वाचत होतो गं. पाहिलं नाही."

"मी सांगतेय ते पुरत नाही का?"

"पुरतं. पण पाहिलं नाही."

"मला बघायला आलात, तेव्हाही 'विचार करून कळवतो' म्हणालात. समोर बसून."

दिघे हसले. जन्मात एकही निष्कर्ष त्र्यंबकरावांनी बेधडक लिहिला नव्हता. पेन दोनदा झटकून त्यांनी लिहिलं: 'बहुधा करवंद.'

दिघ्यांनी ते वाचलं. "सर, शंका असली की फायदा झाडाला मिळतो."

"थांबा. तो शब्द खोडतो."

"खाडाखोड चालत नाही."

शरयूताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, गॅस बंद आहे ना ते पाहिलं. "रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, आधी नाही," एवढं सांगून त्या दिघ्यांच्या मागून ओढ्याकडे चालू लागल्या. त्र्यंबकराव फाटकापर्यंत गेले. संध्याकाळी ओढ्याकाठी जांभळाचं एक झाड जास्त होतं.

त्याला फळ धरायला नऊ वर्षं लागली. पहिलं पिकलेलं जांभूळ त्र्यंबकरावांनी स्वतः तोडलं आणि जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन त्याचा रस तपासला. मग पुन्हा तपासला, आणि आणखी एकदा. रस करवंदाचा होता.