उजवीकडच्या बाई

ग्रंथपालबाई बसमधून उतरल्या आणि समोर स्वतःलाच बघून रोजच्यासारख्या दचकल्या. चौकातल्या दुमजली फलकावर त्या दोनदा उभ्या होत्या. डावीकडे अडतीस किलो उतरवण्याआधीच्या, उजवीकडे उतरवल्यानंतरच्या. खाली व्यायामशाळेचं नाव आणि फोन नंबर.

फलक लागला तेव्हा बाईंना कोण आनंद झाला होता. पण वजन उतरवताना एक बरं असतं, काटा दर आठवड्याला शाबासकी देतो. टिकवताना तो मेला जागचा हलत नाही आणि घाम मात्र तेवढाच गाळावा लागतो. ‘केवढ्या बारीक झालात’ म्हणणारी माणसंही हळूहळू सवयीने गप्प झाली. मग एकदा सर्दी झाली म्हणून बाई व्यायामशाळेत गेल्या नाहीत. सर्दी गेली, तरी बाई गेल्या नाहीत. असे तीन महिने गेले.

एके सकाळी कमरेचं हूक लागताना जरा का-कू करू लागलं आणि बाईंच्या पोटात भीतीचा गोळा आला. तोही पोटातच, म्हणजे वजनात भरच. त्यांनी वजनकाटा पायाने पलंगाखाली सारला.

“अगं, बघ तरी एकदा उभी राहून,” नवरा म्हणाला. तो मोटार चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणूस भिंतीवर गाडी घालत असतानाही त्याचा आवाज चढत नसे.

“नको. कळलं की खरं होईल.”

पण चौकाला सगळं कळत होतं. बाईंनी पाव मागितला की बेकरीवाला आधी फलकाकडे बघे, मग बाईंकडे, आणि हळूच विचारी, “घरच्यांसाठी ना?” बसमध्ये म्हाताऱ्या माणसाने उठून दिलेली जागा बाजूची बाई परस्पर नाकारी, “त्या नाही बसायच्या, फलकावरच्या आहेत त्या.” ग्रंथालय चौथ्या मजल्यावर. तिथला लिफ्टवाला तर दारात हात आडवा धरी. “तुम्ही कशाला लिफ्टनं? चार मजले म्हणजे तुमच्या हातचा मळ.” नाही म्हणायची सोय नव्हती. बाई हसत जिना चढत आणि तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून बाहेरचं दृश्य बघण्याच्या निमित्ताने श्वास गोळा करत.

शेवटी त्या एक थांबा आधी उतरू लागल्या. तिथे एकदा व्यायामशाळेचे सर दुधाची पिशवी घेऊन जाताना दिसले, म्हणून दोन थांबे आधी. तिथून येणारा सरळ रस्ता बेकरीवरून जायचा, म्हणून टेकाडावरच्या पायवाटेने. उशीर होऊ नये म्हणून भरभर. परतताना पुन्हा तेच.

आणि मग सरांचे फोन सुरू झाले. बाईंनी उचलले नाहीत. सर ग्रंथालयात आले, तर बाई कपाटांआडून मागच्या जिन्याने तळमजल्यावर पोचल्या आणि ते गेल्याची खात्री झाल्यावर पुन्हा वर. दोन दिवसांनी सर परत आले, बाई परत खाली. आता हा माणूस भर चौकात आपल्याला काट्यावर उभं करणार, या धसक्याने त्यांना रात्रीचं जेवणही जाईना.

एका संध्याकाळी घामाघूम होऊन त्या घरी आल्या, तर सर खुर्चीत बसून चहा पीत होते.

“काय मॅडम, गाठ पडणं मुश्कील झालंय तुमची.”

बाई दारातच थांबल्या. “सर, मी सांगणारच होते...”

“सर विचारत होते वजन किती आहे आता,” नवरा शांतपणे म्हणाला. “मी म्हटलं, काटा आहे पलंगाखाली. काढून पुसून ठेवलाय.”

नवऱ्याकडे अशा काही नजरेने बघून, की दुसरा कोणी असता तर जागीच वितळला असता, बाई डोळे मिटून काट्यावर चढल्या.

“फलकावर आहात त्याच्यापेक्षा दोन किलो कमी,” सर वाकून बघत म्हणाले. “आता व्यायामाला कुठे जाता?”

“कुठेच नाही.”

“मग करता काय?”

बाईंना आता खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. “तुम्हाला चुकवते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला, बेकरीवाल्याला, त्या फलकाला. सगळ्या गावाला चुकवत हिंडते.”

सरांनी कप खाली ठेवला. “मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. वर्षभर भर चौकात तो जाड फोटो लावलाय म्हणून. अहो, तेच सांगायला येत होतो. उद्या फलक उतरवतोय. एक मास्तर मिळालेत, पंचेचाळीस किलो उतरवलेले. आता तुम्ही सुटलात.”

बाई काट्यावरून उतरून पलंगावर बसल्या. उद्यापासून बेकरीवाला मुकाट्याने पाव बांधून देणार, बसमध्ये जागा मिळणार, लिफ्टवाला अदबीने दार उघडणार. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“सर,” त्या अजिजीने म्हणाल्या, “मास्तरांना दुसरा चौक नाही का बघता येणार?”