मातीच्या दृष्टीने घोडी

जोगळेकर काकांनी पहिल्याच भेटीत माझ्या बायकोला वजन विचारलं. आम्ही डोंबिवलीत, मानपाड्याजवळच्या या सोसायटीत नुकते राहायला आलेलो. शेजारी म्हणून त्यांना चहाला बोलावलं, तर हा सत्तरीचा गृहस्थ कप हातात धरून शांतपणे म्हणाला, "रागावू नकोस हं, पण वजन किती तुझं?" बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. मग खुलासा झाला. एवढा भार दोन पावलांवर पडला तर खालची माती किती दबेल, याचा काका अंदाज घेत होते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. खाली माती नाही, पार्किंग आहे.

काका इथल्याच एका रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरतात. काकांनी माती धरली. जगातली प्रत्येक गोष्ट ते "मातीच्या दृष्टीने" बघत. लिफ्ट बंद पडली की आम्ही वैतागायचो, आणि काका जिना चढता चढता म्हणायचे, "मातीच्या दृष्टीने बरंच झालं." ते कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गेली दोन वर्षं त्यांचा मुख्य सिद्धांत असा, की शेतीला घोडा हवा. ट्रॅक्टर डिझेल पितो, धूर ओकतो, त्याच्या वजनाने माती खोलवर घट्ट होते, मग पाणी मुरत नाही आणि गांडुळं गुदमरतात. घोडा मात्र गवत खातो, लीद टाकतो, लिदीचं खत होतं, खतावर पुन्हा गवत. "शिवाय घोडीला शिंगरू होतं. ट्रॅक्टरला काय होतं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पंक्चर. ते अजिबात हसले नाहीत.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, काका, खूर तर टायरपेक्षा केवढा लहान, म्हणजे तेवढ्या जागेवर भार जास्तच की. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. माझ्या तोंडात ब्रश. काका म्हणाले, "घोडा खूर उचलतो, नितीन. चाक जमिनीवरून उठतच नाही." आणि निघून गेले. मी मान डोलावली. तेव्हापासून मी मान डोलावतच आलोय.

मग बैल का नको, हेही मी विचारून पाहिलं. बैलाने नांगर ओढलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बैलाला कोणी विचारत नाही असं नाही." या वाक्यावर मी आठवडाभर विचार केला.

आणि एका सोमवारी काकांनी खरोखरच घोडी आणली. आमच्या गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय आहे, तिथल्या वरातींची ती पांढरी घोडी. आता थकली होती, म्हणून मालक तिला जनावरांच्या व्यापाऱ्याला देऊन टाकणार होता. काकांनी बाळारामला गाठलं. बाळाराम इथला आगरी शेतकरी, दोन टॉवरच्या मधे त्याची भाताची खाचरं अजून टिकून आहेत. भात कापून झालं होतं, भाजीसाठी नांगरणी व्हायची होती. घोडीने रविवारपर्यंत एक खाचर नांगरलं तर ती त्याच्या गोठ्यात राहील, नाहीतर त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येईल, असं ठरलं. काकांनी गादीवाल्याकडून जुन्या गादीचा गळपट्टा शिवून घेतला आणि तिला नांगर समजावण्यात आठवडा घालवला.

रविवारी काकांना निरीक्षक हवा होता, म्हणून मी गेलो. घोडी नांगराला जोडली होती आणि पुतळा होऊन उभी होती. काकांनी चुचकारलं, हरभरे दाखवले, मातीच्या दृष्टीने चार शब्द सांगितले. खूर हलला नाही. बाळारामच्या बायकोने खुर्ची आणून बैठक मारली.

एवढ्यात कार्यालयाकडून बँड सुरू झाला. घोडीचे कान उभे राहिले आणि ती निघाली! दहा पावलं गेली आणि थांबली. काकांना काही कळेना, मला तर मुळीच कळेना. कळलं ते बाळारामला. वरातीत दर दहा पावलांवर मित्रमंडळी नाचतात, आणि नाच आटोपल्याशिवाय घोडीने पुढे जायचं नसतं.

"नितीन, नाच," काका म्हणाले.

मी बँकेत अधिकारी आहे. भर दुपारी, ढेकळांत, घोडीपुढे मी नाचलो. थांबलो की ती दहा पावलं चालायची. पुन्हा नाच. अर्ध्या तासाने तिकडे बँड थांबला, आणि घोडी वरात पोचल्यासारखी ऐटीत उभी राहिली ती राहिलीच. मागे वळून पाहिलं तर नांगराच्या जेमतेम दीड वाकड्या रेघा उमटल्या होत्या.

बाळारामने डोळे पुसले, हसून हसून. मग जपून म्हणाला, "काका, ही लगनाचीच घोरी. उद्या ट्रॅक्टर बोलवतो."

काका बांधावर बसले. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, मातीच्या दृष्टीने प्रयत्न तरी झाला.

"मातीचं राहू दे रे," ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "मातीचं सगळं खरंच आहे. पण नांगराला बैलही चालला असता. मला हिच्यासाठी काम हवं होतं. दोन वर्षं रोज संध्याकाळी हिला हरभरे देतोय मी. वरातीत सगळे वर बसलेल्याकडे बघतात. मी गेलो की ही मान वळवायची. घरात आता मान वळवणारं कोणी नाही, नितीन."

दोन वर्षं शेजारी राहून मी नुसता खूर आणि टायर यांचा वाद घालत होतो.

बाळाराम जवळच उभा होता. त्याने घोडीचा गळपट्टा सोडला. "घोरी गोठ्यान ऱ्हाव दे," तो म्हणाला. "लीद मना पायजे. पन चारा-पानी तुमी करायचा, काका. रोज."

काका उठले. लिदीवर आता व्याख्यान होणार, असं मला वाटलं. ते घोडीपाशी गेले, तिच्या मानेला कपाळ टेकवून म्हणाले, "ऐकलंस ना? रोज म्हणाला तो."

मी उगाच बुटांची माती झटकत बसलो.