सहा आठवडे हवाबंद

साठवण कशी करायची, हे मला कुणी शिकवू नये! माझी आई वर्षाचे गहू एरंडेल चोळून कोठीत भरायची आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यात एक किडा सापडला तर शपथ! झाकण घट्ट असलं की वस्तू सुखरूप. हे ज्ञान घेऊन मी, प्रफुल्ल, सिंगापूरला आलो, वन-नॉर्थ नावाच्या संशोधन-वसाहतीत संशोधक म्हणून लागलो आणि गेली सहा वर्षं बिशानच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतोय.

यंदा पाच महिने खपून मी भाजीच्या सालींचं कंपोस्ट केलं. काय झालं होतं म्हणून सांगू! काळंभोर, भुसभुशीत, चांगलं वीस किलो. फक्त बाग नव्हती.

"आता हे घालणार कुठे?" माझी बायको स्नेहल म्हणाली.

"ठेवू या. लागेल तेव्हा काढू."

हवाबंद झाकणाच्या दोन मोठ्या डब्यांत मी ते ठासून भरलं, वरून चिकटपट्टी फिरवली, तारीख टाकली आणि डबे शेल्टरमध्ये ठेवले. शेल्टर म्हणजे इथल्या फ्लॅटमधली बॉम्बपासून बचावाची जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली. बॉम्ब पडेपर्यंत सगळे तिथे सुटकेसेस ठेवतात.

सहा आठवड्यांनी घरमालकीणबाईंचा, मॅडम गोह यांचा, मेसेज आला. 'शनिवारी चारला येते. घर बघते, मग करार वाढवायचा की नाही ते सांगते.' दुसरं एक कुटुंब घर बघून गेलंय, हे आम्हाला माहीत होतं. आमच्या आर्याची शाळा इथून चालत पाच मिनिटांवर, आणि पुढच्या वर्षी तिची सहावीची मोठी परीक्षा! स्नेहलची तर झोपच उडाली.

शनिवारी घर आरशासारखं लख्ख केलं, सहा वर्षं न उघडलेल्या खोक्यांवरची धूळसुद्धा पुसली. शेल्टर आवरताना मला वाटलं, आपलं खत कसं आहे ते तरी बघू. चिकटपट्टी काढली, झाकण उघडलं...

आई गं! नासलेली अंडी आणि तुंबलेली मोरी एकदम अंगावर आली! शेजारचं मांजर कॉरिडॉरमधून पळालं.

"प्रफुल्ल!" स्नेहल किंचाळली. "काय केलंस हे?"

मी झाकण आपटलं, पण वास केव्हाच हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर बसला होता. उदबत्त्या लावल्या, लिंबं पिळली, कॉफी जाळली. आता नासक्या अंड्यांना कॉफीचाही वास यायला लागला! तेवढ्यात बेल वाजली. साडेतीनच झाले होते.

मॅडम गोह पासष्टीच्या. त्यांनी दारातच नाक वर केलं. "ड्युरियन?"

ड्युरियन म्हणजे इथलं काटेरी फळ. जिभेला खीर, नाकाला गटार! मी तत्काळ म्हणालो, "हो, हो! ड्युरियनच!"

"अरे वा!" बाईंनी पर्स खाली ठेवली. "आण ना, खाऊ या!"

"ते... संपलं."

"संपलं, मग वास वाढतोय कसा?"

"ऑन्टी, बाबा ब्लफिंग लाह!" आतून आर्या तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "इट्स कचरा!"

"कचरा नाही, खत!" मी ओरडलो. तेवढाच स्वाभिमान शिल्लक होता.

बाई सरळ शेल्टरमध्ये शिरल्या. आता त्या दुसऱ्या कुटुंबाला फोन लावणार, म्हणून स्नेहलने डोळे मिटले. बाईंनी झाकण काढून डब्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर खत दाबून बघितलं आणि माझ्यावर डोळे वटारले.

"हे जिवंत असतं, माहीत आहे? श्वास घेतं! तू याचं तोंड बांधून कोंडलंस?"

बाई तोआ पायोह भागात आपल्या इमारतीखालच्या जागेत तीस वर्षं बाग करतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी जुनी चादर मागितली. मग आम्ही चौघं हॉलमध्ये उकिडवे बसून खत पसरू लागलो. वारा लागला तसा वास थोडा निवला.

"सुधारेल," बाई म्हणाल्या. "मग गोणपाटात सैल भर. ओलसर राहू दे. पण फार दिवस नको. नुसतं ठेवून त्याचा कस जातो. कशासाठी ठेवलं होतंस?"

"पुढेमागे... पुण्याला परत गेलो की बाग करू..."

"विमानातून नेणार?"

खरंच, काय विचार केला होता मी?

बाई भिंतींकडे बघत होत्या. "सहा वर्षं झाली. माझ्या भिंतीत एक खिळा नाही."

"दुसऱ्याची भिंत, मॅडम. खराब करायची नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"मला वाटलं, तुम्ही आज-उद्या जाणार. जिकडे तिकडे बांधलेली खोकी! म्हणून मी दुसरी माणसं बघून ठेवली."

स्नेहलचे डोळे भरून आले. मला फार लागलं ते. आम्ही गुणी भाडेकरू म्हणून जपून राहत होतो, आणि बाईंना सहा वर्षं आम्ही दारात चपला घालून उभे असलेले दिसत होतो! आईचा फोटोसुद्धा चादरीत गुंडाळून सुटकेसमध्ये होता. स्वतःचं घर झालं की लावू, असं ठरलं होतं. आईने गहू कोठीत घातले, मी आईलाच घातलं. मला बाईंकडे बघवेना.

हात धुऊन बाई निघाल्या. "दोन वर्षांचा करार पाठवते. एक अट आहे."

बाईंनी दारात चपला चढवल्या.

"खिळा ठोका."

बाईंची पाठ वळताच मी हातोडी काढली. दोन खिळे वाकले, तिसरा बसला. आईचा फोटो लागला. स्नेहल डोळे पुसत म्हणाली, "थोडा तिरका झालाय रे. सरळ कर ना."

"राहू दे गं," मी म्हणालो. "करू नंतर."